मुलांचा सीव्ही मुलांनाच लिहू द्या



शाळेचे चौथे सत्र सुरू झाले की मराठी वर्गाबाहेर उभ्या राहणाऱ्या पालकांत एक विषय हटकून निघतो. "आमच्याला डिसेंबरच्या सुट्टीत कुठेतरी कामाला लावायचंय, सीव्ही करायचाय, तुमच्याकडे एखादा नमुना आहे का?" नमुना कोणाकडे तरी असतोच. तो फोनवरून फिरत फिरत घरी येतो. मग रविवारी दुपारी आई किंवा बाबा लॅपटॉप उघडून बसतात, नाव बदलतात, शाळा बदलतात, चार भारदस्त विशेषणे घालतात आणि संध्याकाळपर्यंत चिरंजीवांचा सीव्ही तयार होतो. चिरंजीव त्या वेळी क्रिकेटच्या नेटमध्ये असतात.

या रीतीविषयी आमचे मत वेगळे आहे आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. मुलांचा सीव्ही मुलांनीच लिहावा. तो साधा झाला तरी चालेल, लहान झाला तरी चालेल, पण त्यातली प्रत्येक ओळ त्याच्या किंवा तिच्या हातची असावी. आम्ही संगणक क्षेत्रात नोकरी करतो आणि कामाचा भाग म्हणून नवशिक्या मुलामुलींचे अर्ज वाचतो, मुलाखतींना बसतो. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर जे दिसते, ते या बाजूच्या पालकांना कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडे आपल्या पिढीविषयी. आपल्याला बायोडेटा हा शब्द आयुष्यात दोनदा भेटला: एकदा नोकरीच्या वेळी आणि एकदा लग्नाच्या वेळी. खरे सांगायचे तर दोन्हींत फारसा फरक नव्हता. वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, विवाहित की अविवाहित, कायमचा पत्ता आणि उजव्या कोपऱ्यात चिकटवलेला पासपोर्ट फोटो. एकात रास, नाडी आणि गोत्र असे, दुसऱ्यात टायपिंगचा वेग असे, इतकेच. शेवटी 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' अशी प्रतिज्ञा, सही आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून काढलेल्या पन्नास झेरॉक्स प्रती. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आम्हीही तेच केले, कारण तेव्हा तिथे तसेच चाले.

न्यूझीलंडमध्ये यातले जवळजवळ काहीच लागत नाही. फोटो नको, जन्मतारीख नको, धर्म नको, आईवडिलांचे नाव आणि हुद्दा तर मुळीच नको. यामागे नुसती पद्धत नाही, कायदा आहे. इथल्या १९९३ च्या मानवाधिकार कायद्याने वर्ण, वंश, राष्ट्रीय मूळ, धर्मश्रद्धा, लिंग, वैवाहिक व कौटुंबिक स्थिती, अपंगत्व अशा अनेक कारणांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली आहे. सोळा वर्षे आणि त्यापुढच्या व्यक्तींसाठी वय हेही त्यांतलेच एक कारण आहे. तेव्हा ही माहिती पानावर घालून आपल्या मुलाचा काही फायदा होत नाही, आणि समोरच्यालाही ती नकोच असते.

पण हे सगळे काढून टाकल्यावर आपल्या मनात धस्स होते. मग उरले काय? पानावर लिहायचे काय? पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने असे केले तरी काय आहे? इथेच पालकांचा हात शिवशिवतो आणि विशेषणांची भरती सुरू होते. 'कष्टाळू, प्रामाणिक, उत्साही, संघभावनेने काम करणारा, नेतृत्वगुण असलेला.' असे अर्ज आम्ही एका बैठकीत वीस वाचतो. विसाव्या अर्जापर्यंत पोहोचलो की पहिल्याचे नाव आठवत नाही, कारण विसाही जण कष्टाळू आणि प्रामाणिकच असतात.

या संदर्भात आपल्याच इतिहासातली दोन पत्रे आम्हाला फार बोलकी वाटतात. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या मुलांनी वर्गात ऐकले आहे. त्यांचे यजमान गोपाळराव हे टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीने शिकावे म्हणून त्यांनी अमेरिकन मिशनरी मंडळींशी पत्रव्यवहार केला. त्यात पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती आणि स्वतःसाठी अमेरिकेत काही काम मिळेल का, असेही विचारले होते. ते पत्र तिकडे 'मिशनरी रिव्ह्यू' या नियतकालिकात छापून आले. नोकरी काही मिळाली नाही, उलट धर्म बदलण्याचा सल्ला मिळाला. मात्र न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी १८८० साली दंतवैद्याकडे बसल्या बसल्या ते पत्र वाचले, त्यांना या मुलीविषयी कुतूहल वाटले आणि त्यांनी आनंदीबाईंशी पत्रमैत्री जोडली. म्हणजे वडीलधाऱ्या माणसाच्या पत्राने दार किलकिले झाले, हे मान्य करायला हवे.

परंतु आत शिरताना मात्र आनंदीबाईंनी स्वतःच लेखणी हाती घेतली. १८८३ च्या जूनमध्ये त्या अमेरिकेत पोहोचल्या आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. वय अठरा. ते पत्र आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेले आहे. त्यात त्यांनी आपली तयारी सांगितली. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करत नसू, हेही मोकळेपणाने सांगितले आणि आपली परिस्थिती वेगळी असल्याने सवलतीने विचार व्हावा, अशी विनंती केली. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर येण्याचा जो निर्धार लागला, तोच पुढे शिक्षण पुरे करायला उपयोगी पडेल, असे त्यांनी लिहिले. आणि हे सारे कशासाठी, तर पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्या गेल्या, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, कुठे ती डॉक्टरकी आणि कुठे आमच्या पोराची सुपरमार्केटमधली ट्रॉली! खरे आहे. पण त्या पत्रातले चार गुण ट्रॉलीच्या अर्जालाही लागू पडतात. शब्द स्वतःचे होते. काय येते ते सांगितले होते. काय कमी आहे ते लपवले नव्हते. आणि आलेल्या अडचणीचे रडगाणे न गाता, ती अडचण पार केली हाच आपल्या लायकीचा पुरावा म्हणून मांडला होता. गोपाळरावांचा आग्रह, शिकवणूक आणि पाठिंबा या सगळ्यामागे होता, तरीही अर्जात बोलत होत्या त्या आनंदीबाईच.

आता टेबलाच्या त्या बाजूला या. इथल्या मुलाखतीत 'तुझे गुण सांग' असे फारसे विचारत नाहीत. विचारतात ते असे: 'एखाद्या वेळी तुझ्या गटात भांडण झाले असेल, तेव्हा तू काय केलेस ते सांग.' किंवा 'एखादे काम वेळेत होणार नाही असे दिसले, तेव्हा काय केलेस?' म्हणजे प्रत्येक वेळी एक घडलेली गोष्ट हवी असते. आणि ती गोष्ट विचारताना समोरच्याच्या हातात काय असते? तुमचा सीव्ही. त्यातल्याच ओळीवर बोट ठेवून तो विचारतो. ओळ मुलाने स्वतः लिहिलेली असेल तर त्याचा चेहरा उजळतो, कारण तो प्रसंग त्याच्या डोळ्यांपुढे असतो. ओळ बाबांनी लिहिलेली असेल तर तो छताकडे पाहतो. आम्ही हे छताकडे पाहणे बरेच वेळा पाहिले आहे आणि आम्हाला त्या मुलाची दया येते. बिचारा खोटारडा नसतो, फक्त दुसऱ्याचे कपडे घालून आलेला असतो. बाह्या लांब आणि खांदे ढगळ.

हीच गोष्ट आजकालच्या चॅटजीपीटीची. आम्ही संगणकवाले असल्यामुळे त्याला शिव्या देणार नाही, रोज वापरतो. शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी वाक्य नीट करायला ते उत्तम आहे. पण 'माझा सीव्ही लिहून दे' म्हटले की ते कोणाचाही सीव्ही लिहून देते. मनुरेवाच्या मुलाला आणि मेलबर्नच्या मुलीला एकच परिच्छेद मिळतो. बाबांच्या विशेषणांऐवजी यंत्राची विशेषणे आली, एवढाच फरक.

मग मुलांनो, लिहायचे काय? आमचा सल्ला असा. आधी कोरा कागद घ्या. संगणक नको, कागदच. गेल्या दोन वर्षांत तुम्ही जे जे काम केले ते लिहून काढा. पैसे मिळाले नाहीत तरी ते कामच. आईची सकाळची आणि बाबांची रात्रीची पाळी असताना धाकट्या भावाला शाळेतून आणून खायला घालता? लिहा. आजीला डॉक्टरकडे नेल्यावर तिचे मराठी डॉक्टरांना आणि डॉक्टरांचे इंग्रजी आजीला समजावून सांगता? लिहा. गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकाच्या तारा ओढल्या, प्रसादाच्या रांगेत उभे राहून वाटप केले, नाटकात पडदा ओढला? लिहा. शनिवारच्या सामन्यात गुण मोजता, शाळेत नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात वर्ग दाखवलेत, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला फिरवता, ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डसाठी डोंगर तुडवलात? सगळे लिहा. दोन पाने भरतील. मग त्यातली पाच-सहा निवडा, ज्या कामासाठी अर्ज करणार त्याला जी शोभतील ती.

आता प्रत्येकाची एक ओळ करा. ओळीत तीन गोष्टी असाव्यात: काय केले, किती वेळा किंवा किती जणांसाठी केले, आणि त्याचे काय झाले. समजा इथल्या बारावीतली एक मुलगी बेकरीत अर्ज करते आहे. 'मी जबाबदार आहे आणि मला लोकांशी बोलायला आवडते' असे तिने लिहिले तर बेकरीवाल्याला काय कळणार? त्याऐवजी 'दोन वर्षे मंडळाच्या कार्यक्रमात वडापावच्या टेबलावर रोख पैसे घेतले, सुट्टे दिले आणि दिवसाअखेर हिशेब जुळवून दिला' असे लिहिले तर तो मान वर करून पाहील. त्याला नेमके हेच माणूस हवे आहे! तिच्यात जबाबदारी आहे हे त्याचे तोच ओळखेल. गुणांचे नाव आपण घ्यायचे नाही, ते वाचणाऱ्याला घेऊ द्यायचे.

पानाची मांडणी साधी ठेवा. वर नाव, फोन, ईमेल आणि उपनगराचे नाव. पूर्ण पत्त्याची गरज नाही, 'टाकानिनी' पुरे, म्हणजे सदर्न लाइनने किंवा चालत तुम्ही वेळेवर येऊ शकाल हे त्याला कळते. त्याखाली दोन-तीन वाक्यांत, तुम्ही कोण आणि हे काम का हवे. मग काम आणि अनुभव, मग शिक्षण, मग भाषा व इतर कौशल्ये, शेवटी तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्ती. विद्यार्थ्याला एक पान भरपूर झाले, फार तर दोन. शिक्षणात शाळेचे नाव आणि एनसीईएची पातळी लिहा, मेरिट किंवा एक्सलन्सचा शेरा असेल तर तोही. भारतातून आजोबा फोनवर 'किती टक्के?' असे विचारतात, पण एनसीईएमध्ये टक्के नसतात आणि ओढूनताणून काढूही नयेत. तसेच भारतात अर्ज पाठवताना लक्षात ठेवा की इथली अकरावी म्हणजे तिकडची दहावी. तिथल्या माणसाला ते सांगावे लागते.

मोठ्या साखळी दुकानांचे अर्ज आता बहुधा संगणकावरूनच भरावे लागतात आणि काही ठिकाणी माणसाआधी यंत्र ते वाचते. म्हणून रंगीत चौकटी, दोन रकाने, तारे लावून दाखवलेली कौशल्ये हे प्रकार टाळा. चित्रातला मजकूर यंत्राला वाचता येईलच असे नाही. साधा अक्षराकार, ठळक मथळे आणि पीडीएफ. फाइलला स्वतःचे नाव द्या, 'फायनल फायनल तीन' नको. आणि हो, सातवीत असताना गंमत म्हणून काढलेला तो ईमेल पत्ता आता बदला. 'कूलड्यूड' नावाच्या माणसाला गल्ल्यावर बसवायला कोणी धजत नाही.

ग्रेट साऊथ रोडवरच्या लहान दुकानांत मात्र अजूनही कागद हातात घेऊन जाणे चालते. तिथे स्वतः जा, गर्दी नसेल अशा वेळी जा, मालक किंवा व्यवस्थापक कोण ते विचारा, नाव सांगा. आईला गाडीतच बसू द्या. आई आत आली की मालक आईशीच बोलतो, आणि मग नोकरी आईला मिळते!

आता जरा नाजूक विषय: मराठी. आपल्या वर्गातल्या थोड्या मोठ्या मुलांशी बोलताना आम्हाला जाणवते की शनिवार-रविवारच्या मराठी वर्गाचा उल्लेख सीव्हीत करायला ती संकोचतात. फुटबॉल लिहितात, पियानो लिहितात, मराठी गाळतात. काही पालकही म्हणतात, "कशाला उगाच, त्यांना काय कळणार?" आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. ऑकलंडच्या दक्षिण भागात दुकान चालवणाऱ्याला, औषधवाल्याला, वाचनालयाला दोन-तीन भाषा बोलणारे माणूस उपयोगी पडते. काउंटरवर आलेल्या आजोबांना इंग्रजी जड जात असेल तर मराठी किंवा हिंदी येणारी मुलगी तिथे सोन्याची असते. टाकानिनीत २०२१ साली नवे वाचनालय सुरू झाले, 'ते पाताका कोरेरो ओ टाकानिनी'. त्याच्या नावातच माओरी भाषा आहे. या देशात एकापेक्षा जास्त भाषा येणे लपवण्यासारखे नाही. शाळेत ते रेओ माओरी शिकला असाल तर तेही लिहा.

आणि भाषेपेक्षाही मोठी गोष्ट आहे ती चिकाटी. मित्र झोपलेले असताना पाच वर्षे दर आठवड्याला सकाळी उठून, परीक्षा नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही, अशा वर्गाला येत राहणे हा पुरावा कोणत्याही 'कष्टाळू' शब्दापेक्षा भक्कम आहे. फक्त खरे लिहा. मराठी बोलता येते, सावकाश वाचता येते, लिहायला अडखळतो, असे असेल तर तसेच लिहा. 'अस्खलित' लिहिलेत आणि मुलाखत घेणाऱ्या बाई नाशिकच्या निघाल्या, तर पंचाईत!

नावाचेही तसेच. इथे आपली नावे आखूड होतात, त्यात गैर काही नाही. मित्र ज्या नावाने हाक मारतात ते लिहावेसे वाटले तर मुलांनी लिहावे. पण मूळ नाव लिहिले तर कोणी बोलावणार नाही या धास्तीने पालकांनी परस्पर नाव बदलू नये. ते नाव कोणाचे आहे, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

खरेपणाविषयी आणखी थोडे. न्यूझीलंड लहान देश आहे आणि इथे शिफारस करणाऱ्यांना खरोखरच फोन जातो. भारतात अर्जाखाली दोन नावे लिहिण्याची पद्धत होती, पण त्यांना कोणी फोन केल्याचे आम्ही ऐकले नाही. इथे करतात, आणि विचारतात: हा मुलगा वेळेवर येतो का? चुकले तर सांगतो का? म्हणून काका-मामांची नावे चालत नाहीत. शाळेतील शिक्षक, क्रीडा प्रशिक्षक, मराठी वर्गाच्या शिक्षिका, ज्यांच्या मुलांना सांभाळले ते शेजारी अशी नावे द्यावीत. आणि देण्याआधी त्यांना विचारावे. न विचारता नाव देणे असभ्यपणाचे आहे, शिवाय धोक्याचेही, कारण अचानक फोन आला तर त्यांनाही चटकन काही सुचत नाही. त्यांना विचारायला मुलानेच जावे. अर्धी मुलाखत तिथेच होते.

'थोडे फुगवून लिहिले तर काय बिघडते, सगळेच लिहितात,' असे म्हणणारे पालकही आम्हाला भेटतात. नोकरी हातची जाईल, हे तर आहेच. पण आमची खरी काळजी दुसरी आहे. सोळा वर्षांच्या मुलाला आपण त्याच्याविषयी एक कागद लिहून देतो, त्यात न केलेली कामे घालतो, तेव्हा आपण त्याला न बोलता एक गोष्ट सांगत असतो: तू जसा आहेस तसा पुरेसा नाहीस. हे वाक्य आपल्यापैकी कोणीही मुलाला तोंडाने कधी म्हणणार नाही. मग कागदावर तरी कशाला म्हणावे? घर सोडून सातासमुद्रापलीकडे आलो ते मुलांना मोकळेपणाने उभे राहता यावे म्हणून. त्यांचे पहिलेच पाऊल आपल्या बुटात पडावे, असे आम्हाला वाटत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. इतर घरांतले आईवडील मदत करतात, काही जण पैसे देऊन सीव्ही लिहून घेतात, मग आपलीच मुले मागे पडतील त्याचे काय? शिवाय इथल्या मुलांना काम मिळणे सोपे राहिलेले नाही, हे सर्वांनाच दिसते आहे. आमचे उत्तर असे की हात काढून घ्या म्हणजे पाठ फिरवा, असे नव्हे. पालकांना भरपूर काम आहे, फक्त ते लिहिण्याचे नाही.

पहिले काम आठवण करून देण्याचे. मुलांना आपण काय काय केले ते आठवत नाही, कारण त्यांना ते काम वाटलेलेच नसते. 'अरे, बाबांचा पाय मोडला होता तेव्हा दीड महिना लॉन कोणी कापले?' एवढे विचारले की ओळ सापडते. दुसरे काम प्रश्न विचारण्याचे. लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून 'म्हणजे काय झाले, सांग बघू' असे विचारा. गोष्ट सांगता आली तर ओळ ठेवा, नाही आली तर खोडायला सांगा. आमच्या व्यवसायात प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो स्वतःच तपासला तर चुका राहतात, म्हणून तपासणारा वेगळा असतो. मात्र तपासणाऱ्याने चूक दाखवायची असते, स्वतः प्रोग्रॅम लिहायचा नसतो. पालकांनी हे तपासनीसाचे काम घ्यावे. तिसरे काम स्पेलिंग आणि फोन नंबर पाहण्याचे. फोन नंबरातला एक आकडा चुकला तर बाकी सारे वाया जाते.

चौथे काम कागदपत्रांचे, आणि ते मात्र पूर्णपणे मोठ्यांचे आहे. पगार मिळण्यासाठी आयआरडी क्रमांक लागतो, तो वेळेत काढून ठेवावा. मुलाच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी आहे का, असेल तर कोणत्या अटींवर, हे नीट वाचून घ्यावे. नागरिक किंवा रहिवासी असाल तर तसे सीव्हीत एका ओळीत सांगावे. कायदाही माहीत असावा. या देशात कामाला लागण्याचे सरसकट किमान वय नाही, पण सोळा वर्षांखालील मुलांना शाळेच्या वेळेत किंवा रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत कामावर ठेवता येत नाही, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना धोक्याची कामे देता येत नाहीत. ओळखीच्या दुकानात 'आपलाच मुलगा आहे' म्हणून कोणी उशिरापर्यंत थांबवून घेत असेल, तर तिथे बोलायला पालकांनीच पुढे व्हावे.

आणि पाचवे काम नकार पचवण्याचे. पहिल्या दहा अर्जांपैकी बहुतेकांना उत्तरसुद्धा येत नाही. आपण लिहिलेल्या सीव्हीला नकार आला तर मूल म्हणते, 'बाबांचा सीव्ही चालला नाही.' स्वतः लिहिलेल्याला नकार आला की त्याला वाईट वाटते, दोन दिवस ते गप्प बसते आणि मग एखादी ओळ बदलून पुन्हा पाठवते. हे दोन दिवस बघवत नाहीत, हे आम्हालाही माहीत आहे. त्या दोन दिवसांत गरम गरम थालीपीठ करून घालावे. सल्ला देऊ नये.

ख्रिसमसच्या हंगामासाठी दुकाने ऑक्टोबर-नोव्हेंबरातच माणसे शोधू लागतात आणि नोव्हेंबरात एनसीईएच्या परीक्षाही असतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. येत्या दोन वर्गांनंतर आम्ही अर्धा तास मागच्या टेबलापाशी थांबणार आहोत. दहावीपासून पुढच्या मुलांनी आपण केलेल्या कामांची हाताने लिहिलेली यादी घेऊन यावे, खाडाखोड असली तरी चालेल. मुलाखतीत विचारतात तसे प्रश्न आम्ही विचारू. पालकांसाठी त्या वेळात बाहेर चहाची सोय आहे.